कट्ट्यावरच्या नव्या वस्तादांसाठी

खासबागेत चार वर्षं कुस्त्या बघितल्या की कोल्हापूरकर मातीत न उतरताही वस्ताद होतो. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर दोन हंगाम काढले की पाटाकडील-दिलबहार फुटबॉल सामन्यात पंचाची चूक त्याला पंचाआधी दिसते. राहता राहिलं पळणं. तिथं अजून जागा रिकाम्या आहेत. पहाटे साडेपाचला कुठल्याही मैदानावर जा, भरतीची पोरं राउंड मारत असतात आणि त्यांना नावं ठेवायला कट्ट्यावर पुरेशी माणसं नसतात. ही उणीव भरून काढू इच्छिणाऱ्या होतकरूंसाठी हे चार शब्द.

साहित्य: एक मफलर (मार्च असला तरी), स्टॉपवॉच असलेला मोबाइल आणि एक मत. मत आधी लागतं. मोबाइल घरी विसरला तरी चालतं.

मत कशावर द्यायचं, ते सोपं आहे. पोरगं स्पीडचं आहे की दमाचं? कट्ट्यावर दुसरा प्रश्न नसतो. सरकारनंही तोच विचारला आहे. पोलीस भरतीचं ग्राउंड ५० मार्कांचं असतं. मुलांना १६०० मीटर २० मार्कांना, १०० मीटर १५ ला आणि गोळा १५ ला. सोळाशे ५ मिनिटं १० सेकंदांत आलं की आउट ऑफ. शंभरला आउट ऑफ हवे तर ११.५० सेकंद. एकाच पोराला एकाच सकाळी चित्त्यासारखं पळायचं असतं आणि बैलासारखं टिकायचं असतं. वर गोळाही फेकायचा असतो, पण गोळ्याविषयी कट्टा बोलत नाही. तो भाग आखाड्यातल्या लोकांकडे आहे.

आता शब्द शिकून घ्या. एकच शिकायचा आहे: दम. पोरगं शेवटच्या राउंडला मागं पडलं की ‘दम नाही’ म्हणायचं. पुढं आलं की ‘दम हाय’. पळून झाल्यावर गुडघ्यावर हात ठेवून उभं राहिलं की ‘दम लागला’. सर त्याला ओरडले की ‘दम दिला’. ते ऐकून पोरगं पुन्हा पळालं तर ‘दम खा की जरा’. तज्ज्ञ म्हणून पहिले सहा महिने एवढ्यावर निघतात. मी दोन वर्षं काढली.

अंगावरून ओळखायची पद्धतही आहे. बारीक असेल तर दमाचा, मांडीला भरलेला असेल तर स्पीडचा. ही पद्धत जुनी आहे, सर्वमान्य आहे आणि साफ चुकीची आहे. क्युबाचा अल्बेर्तो हुआन्तोरेना सहा फुटांहून उंच, खांद्याला रुंद, बघणाऱ्यानं सरळ चारशेत टाकावा असा गडी. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये त्यानं चारशे तर जिंकलीच, आठशेही विश्वविक्रमासह नेली, १ मिनिट ४३.५० सेकंदांत. तेव्हा आपला कट्टा तिथं असता तर आठशेच्या आधी सगळ्यांनी मान हलवून सांगितलं असतं, ‘अंग जड हाय, मरतंय दुसऱ्या राउंडला.’

म्हणून घड्याळाकडे वळू. शंभर मीटर मोजताना नवशिक्या शेवटच्या रेषेवर उभा राहतो आणि पिस्तुलाचा आवाज आला की बटण दाबतो. आपल्याकडे कौतुकानं म्हणतात, जाळ आणि धूर संगटच. संगट असतात, खरं आहे, पण आवाज संगट नसतो. तो शंभर मीटर चालून येतो आणि यायला जवळजवळ ०.३ सेकंद घेतो. तेवढ्यात पोरगं जागेवरून उठलेलं असतं. आवाजावर घड्याळ लावलंत तर ११.७ चा पोरगा ११.४ चा होतो, घरी जाऊन आईला आउट ऑफ सांगतो आणि भरतीच्या दिवशी तुमचं नाव काढतो. धूर दिसला की दाबा. पिस्तूल नसेल, आणि ते नसतंच, तर सोडणाऱ्याला हात वर करून झटक्यात खाली घ्यायला सांगा. तरीही हाताचं घड्याळ थोडं दयाळूच असतं. म्हणून हाताच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवून ती यंत्राच्या वेळेशी ताडायची, अशी अॅथलेटिक्समधली जुनी रीत आहे.

सोळाशे मोजायला सोपं, असं मलाही वाटायचं. एका मैदानावर (नाव घेत नाही, तिथं अजून मला चहा मिळतो) आमचा एक पोरगा चार राउंड ४ मिनिटं ५० सेकंदांत काढू लागला. कट्ट्यावर आनंदीआनंद. मी मफलर काढून हवेत फिरवलं. कुणीतरी पेढे आणले. दोन आठवड्यांनी एका रिटायर्ड ओव्हरसियरांनी सहज म्हणून टेप आणला आणि आम्ही दोघं वाकून वाकून मैदानाला वळसा घालत गेलो. एका टोकाला पाण्याची टाकी बांधली तेव्हा राउंड आत सरकला होता. तो भरला ३७० मीटर. म्हणजे पोरगा १४८० मीटर पळत होता. त्याच वेगानं पूर्ण सोळाशे केले तर ५ मिनिटं साडेतेरा सेकंद. आउट ऑफला साडेतीन सेकंद कमी, आणि पेढे तर संपलेले. पोराला हे कुणी सांगायचं यावर कट्ट्यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी ओव्हरसियरांनीच सांगितलं, टेप त्यांचा होता म्हणून.

चारशेचा आखीव ट्रॅक मिळाला तरी डोळे उघडे ठेवा. बाहेरच्या, म्हणजे दुसऱ्या लेनमधून पळणारा पोरगा प्रत्येक राउंडला साधारण ७ मीटर जास्त पळतो. चार राउंडला २८ मीटर, म्हणजे पाच सेकंदांहून जास्त. कट्टा त्यालाही ‘दम कमी’ म्हणतो.

आकडे हातात आले की तुलना करायची. इथं लाल बनियन आणि निळा टीशर्ट या दोघांना घेऊ. दोघे एकाच गावचे, एकाच मोटारसायकलवर येतात. लाल शंभर ११.४ ला काढतो आणि सोळाशे ५.४८ ला. निळ्याचे शंभर १३.४ ला आणि सोळाशे ५.०६ ला. निळ्याला सोळाशेत आउट ऑफ, लालला शंभरात. कट्ट्याचा निकाल: लाल स्पीडचा, निळा दमाचा. चला चहाला.

थांबा. शंभर मीटरच्या वेळेत उभ्यापासून उठण्याचा भाग असतो आणि सोळाशेत त्याला काही किंमत नसते. पोराचा खरा वरचा वेग हवा असेल तर त्याला आधी पंचवीस-तीस मीटर पळत येऊ द्या आणि पुढच्या ३० मीटरचीच वेळ घ्या. लालनं ते ३.१ सेकंदांत काढले, म्हणजे सेकंदाला ९.७ मीटर. निळ्यानं ३.७ मध्ये, सेकंदाला ८.१ मीटर. आता खालचा आकडा. श्वासावर चालणारं इंजिन पूर्ण ताकदीनं साधारण पाच-सहा मिनिटं ओढता येतं, आणि सोळाशे तेवढ्यातच बसतात. सोळाशेचा वेग काढा: लाल ४.६, निळा ५.२. वरच्यातून खालचा वजा करा. लालच्या खात्यावर ५.१ राहतात, निळ्याच्या २.९. पळण्याचा अभ्यास करणारे लोक या मधल्या अंतराला वेगाची शिल्लक म्हणून मोजतात. त्यासाठी त्यांना लागणारा खालचा आकडा तर आपल्या भरतीच्या मैदानावर ढिगानं फुकट पडलेला असतो.

शिल्लक जास्त, तर पोरगा चांगला, असं आता तुम्ही म्हणणार. मीही म्हणालो होतो. पण लालची शिल्लक जास्त दिसते ती काही अंशी त्याचा खालचा आकडा खाली आहे म्हणूनही. तो ऊसबिल आल्या दिवशी गाडी बुक करणारा गडी. पहिला राउंड ७२ सेकंदांत काढतो, कट्ट्याकडे बघतो, आणि तिसऱ्याला पाय जड होतात तेव्हा शिल्लक असूनही हातात येत नाही. ५.१० ला प्रत्येक राउंड साडेसत्त्याहत्तरचा पडतो. लालला ते सांगितलं तर म्हणतो, ‘काका, एवढं हळू पळायला लाज वाटत्या.’ निळ्याचं उलट. तो सगळं आयुष्य छताला डोकं टेकवून जगतो. त्याला अजून पाच सेकंद कमी करायला सांगा, जागाच नाही. त्याला जोतिबाच्या चढावर छोटे छोटे जोरकस धावे द्यायला हवेत, आणि लालला रंकाळ्याभोवती इतक्या सावकाश पळवायला हवं की वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तर त्याच्याशी बोलता यावं. दोघेही हे करत नाहीत. लाल चढावर जातो, कारण तिथं तो जिंकतो. निळा रंकाळ्याला.

जरा मोठं उदाहरण हवं असेल तर भरतीच्या शंभरात डेव्हिड रुडिशाला उतरवा. केनियाच्या या गड्यानं २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आठशे मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत काढले. म्हणजे दर शंभराला सरासरी १२.६१ सेकंद. त्या वेगानं एकच शंभर पळून थांबला असता तर आपल्याकडे त्याला पैकीच्या पैकी मिळाले नसते. तो एकापाठोपाठ एक आठ पळाला. आता सांगा, तो स्पीडचा की दमाचा? हा प्रश्न मी कट्ट्यावर टाकला तेव्हा एकानं विचारलं, ‘गोळा किती फेकतोय?’

आठशेच्या शर्यतीत लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे दोन तृतीयांश श्वासातून येते, पंधराशेत चार पंचमांशांहून जास्त. म्हणून स्पीडचा म्हणून मिरवणाऱ्या आठशेवाल्यालाही खायला दमच लागतो. हे वाक्य कट्ट्यावर जपून वापरा, एकदा म्हणालात की लोक तुम्हाला सर म्हणू लागतात आणि मग स्पाइक्स कुठले घ्यायचे तेही विचारतात.

कट्ट्यावर अविनाश साबळे निघणारच. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा, फौजेतला जवान, २०२४ मध्ये पॅरिसला तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत. ‘दमाचा गडी’ म्हणून सगळे माना हलवतील. तुम्ही हळूच गणित टाका: दर शंभराला १६.३ सेकंद, वाटेत २८ अडथळे आणि ७ पाण्यावरच्या उड्या, आणि भरतीचा आउट ऑफवाला सपाटीवर दर शंभराला १९.४. त्यानंतर थोडा वेळ कुणी बोलत नाही. चहा सांगायला ही वेळ चांगली.

पहिल्या राउंडवर निकाल सांगायची खोड मात्र सुटत नाही. त्या माँट्रियलच्या आठशेत पहिला राउंड संपताना पुढं होता आपला श्रीराम सिंग. हुआन्तोरेना त्याच्या मागं. रेडिओवर कुणी ऐकत असेल तर त्यानं त्या क्षणी शेजाऱ्याला उठवलं असेल. श्रीराम सातवा आला. पण १ मिनिट ४५.७७ ही त्याची वेळ राष्ट्रीय विक्रम म्हणून २०१८ पर्यंत टिकली, तेव्हा कुठं जिन्सन जॉन्सननं ती मोडली. पुढं राहून ओढणारा असला की मागच्याचं काय होतं ते आपल्याला तसं दिवाळीच्या पाडव्याला दिसतंच. म्हशी पळवताना पुढं सायलेन्सर काढलेली मोटारसायकल असते आणि मागं म्हैस. म्हैस गाडीला कधी गाठत नाही, पण पळते जीव तोडून. लालला सोळाशेत अशी एक मोटारसायकल हवी, राउंडला अठ्ठ्याहत्तरवर बांधलेली. त्याचे सर ही भूमिका सायकलवरून करतात, पण त्यांचा दम कमी पडतो.

मुलींविषयी कट्ट्यावर फार कमी बोललं जातं, आणि ते त्यांच्या पथ्यावर पडतं. त्यांना सोळाशेऐवजी आठशे असतात, २ मिनिटं ५० सेकंदांना आउट ऑफ, आणि शंभरला १४ सेकंद. बहुतेकींचा पहिला आणि दुसरा राउंड जवळपास सारखा असतो. पहिल्या राउंडला कट्ट्याकडे बघायची त्यांना सवय नाही.

गेल्या महिन्यात त्यातलीच एक समोर येऊन उभी राहिली. गारगोटीकडून पहिल्या एसटीनं येते, बॅगेत डबा असतो. म्हणाली, ‘काका, घड्याळ लावाल का? हात खाली गेला की लावा. तोंडानं स्टार्ट म्हणते त्यावर नको.’ मी मान हलवली, जणू हे मलाच सुचणार होतं. ती गेली. पहिला राउंड ८४. मी ओरडलो, ‘८४!’ तिनं बघितलंही नाही. वळणावर तिच्या चपलांची पिशवी राखणारी मैत्रीण उठून उभी राहिली. दुसऱ्या राउंडला शेवटच्या शंभरात खांदे वर चढले, हनुवटी थोडी उचलली गेली, पण पाय पडत राहिले. मी बटण दाबलं. २.४९.

ती गुडघ्यावर हात ठेवून उभी होती. मी मोबाइल तिच्या डोळ्यांपुढं धरला आणि मफलर सोडायला लागलो.

‘२.४९,’ ती म्हणाली. मग श्वास घेऊन मैदानाच्या त्या टोकाकडे, टाकीकडे बघत तिनं विचारलं, ‘काका, ह्यो राउंड मोजलाय का?’