डिजिटल भांडार कसे उभारावे : नवोदित ग्रंथपालांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन! विद्यापीठाच्या संशोधनाचे ‘डिजिटल भांडार’ उभारण्याचे पत्र तुमच्या टेबलावर आले आहे. मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती तोंडावर आहे आणि विद्यापीठाच्या गुणवत्ता कक्षाचे, म्हणजे आयक्यूएसीचे, समन्वयक दिवसातून दोनदा फोन करत आहेत. घाबरू नका, आधी उद्घाटनाची तारीख घ्या. भांडारात काय ठेवायचे हा प्रश्न त्यानंतरचा.

नाव भारदस्त हवे. ‘ज्ञान’, ‘विद्या’ किंवा ‘शोध’ घ्या आणि त्याला एखादी नदी किंवा समुद्र जोडा. ‘शोधगंगा’ तेवढे घेऊ नका, ते गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राचे आहे. २००९ च्या यूजीसी नियमांपासून देशभरातले पीएच.डी. प्रबंध तिथे जमा होतात. ‘मग आपले वेगळे भांडार कशाला?’ असे बैठकीत कुणी विचारलेच, तर चहा मागवा.

सॉफ्टवेअर म्हणून डीस्पेस घ्या. एमआयटीच्या ग्रंथालयाने आणि एचपीने ते २००२ मध्ये आणले. ते फुकट आहे, आणि हे वाक्य टिपणीत ठळक अक्षरांत लिहा. चालवायला जाणकार माणूस लागतो हे लिहू नका, पद मंजूर होणार नाही. हे काम एम.सी.ए.च्या एखाद्या हुशार मुलाला प्रकल्प म्हणून द्या. जूनमध्ये तो हिंजवडीला नोकरीला लागेल आणि पासवर्डही त्याच्याबरोबर जाईल.

डीस्पेस नव्याने बसवले की प्रत्येक नोंदीच्या ‘कायम’ पत्त्यात १२३४५६७८९ हा आकडा येतो. हा फक्त नमुना असतो. असे कायम पत्ते सांभाळणाऱ्या हँडल यंत्रणेकडे थोडी फी भरून स्वतःचा क्रमांक घ्यायचा आणि तो इथे घालायचा, अशी अपेक्षा असते. तुम्ही तसे काही करू नका. हाच आकडा मिरवणारी विद्यापीठे देशात थोडीथोडकी नाहीत, तुम्हाला सोबत मिळेल. सर्व्हर बदलल्यावर जुने दुवे तुटतील, पण तोवर तुमची बदली झालेली असेल.

स्कॅनिंगचे टेंडर पानाच्या दराने काढा. जितकी पाने तितके पैसे, म्हणून ठेकेदाराची पोरे पाने झपाझप उलटतील. प्रबंधाच्या शेवटी घडी घालून चिकटवलेले नकाशे उलगडायला वेळ लागतो, ते राहिले तरी चालतील. अधूनमधून एखाद्या पानावर अंगठा येईल. निदान तिथे माणूस होता एवढे त्यातून कळते.

आता नोंदी. डब्लिन कोअर या नोंदींच्या प्रमाणित साच्यात पंधरा घटक असतात. त्यांतले शीर्षक भरा आणि थांबा. विषयाच्या रकान्यात सरसकट ‘मराठी’ लिहा, मग प्रबंध दलित आत्मकथनांवरचा असो की वऱ्हाडी बोलीवरचा. लेखकांची नावे हा तर आनंदाचा ठेवा आहे. एकच बाई एम.फिल.ला माहेरच्या आडनावाने, पीएच.डी.ला सासरच्या आणि पुढच्या लेखांत नुसत्या आद्याक्षरांनी येतात. या तिघी एकच, हे ठरवायला नामसूची ठेवावी लागते. तिच्या नादी लागू नका. तीन संशोधक दिसले तर वार्षिक अहवालातला आकडा वाढतोच.

खरी गंमत मात्र फाँटची. युनिकोड रुळण्याआधी मराठीतले असंख्य प्रबंध श्री-लिपी, कृतिदेव अशा फाँटांत टंकलेले आहेत. संशोधकाने दिलेली सीडी उघडली की पडद्यावर झकास देवनागरी दिसते, पण आत संगणकाने साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. त्यामुळे ‘ज्ञानेश्वरी’ शोधले की उत्तर येते शून्य, आणि प्रबंध असतो ज्ञानेश्वरीवरचाच! रूपांतरकाने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, पण नंतर कुणीतरी बसून जोडाक्षरे आणि रफार तपासावे लागतात. म्हणजे पुन्हा माणूस आला, आणि माणसाला पैसे लागतात. त्यापेक्षा मुखपृष्ठावर शोधखिडकी मोठी दाखवा. समिती तिच्यात काही टाइप करत नाही.

कॉपीराइटची फार चिंता नको. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतात, म्हणून संशोधकाकडून प्रबंध घेतानाच संमतिपत्रावर सही घ्यायची असते. ते पत्र कुठल्या फायलीत लावायचे हे ठरेपर्यंत सगळे प्रबंध ‘फक्त ग्रंथालयातील संगणकावर’ खुले ठेवा. तो संगणक यूपीएस बिघडल्याने बंद असेल, म्हणजे हक्कभंगाचा प्रश्नच उरणार नाही. बॅकअप त्याच संगणकाच्या डी ड्राइव्हवर घ्या.

एवढ्यावर समिती नक्की खूश होईल. पण भांडार वाचकांसाठी चालवायचा विचार मनात आलाच, तर वरची प्रत्येक सूचना उलटी करा. आणि पहिली टिपणी सर्व्हरसाठी टाकू नका. मराठी नीट वाचणाऱ्या, नोंदी करणाऱ्या एका कायम माणसाच्या पदासाठी टाका, आणि ते मंजूर होईपर्यंत दर महिन्याला स्मरणपत्र पाठवत राहा.