फुटामागे पाव इंच

वऱ्हाडातल्या जुन्या घराचं सगळं वैभव ओसरीत आणि बैठकीत खर्च झालेलं असतं. न्हाणीपर्यंत येईस्तोवर बांधणाऱ्याचा पैसा संपतो, हौस संपते आणि बहुधा चांगला गवंडीही निघून गेलेला असतो. म्हणून न्हाणी नेहमी मागच्या अंगाला, उरलेल्या जागेत. आमच्या अकोल्याच्या घरातली तशीच होती. खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात बंबाचा चौथरा, त्यावर धुरानं काळवंडलेलं छत, साबणासाठी भिंतीत देवळी आणि एक पिवळा दिवा, जो लावला की अंधार नेमका कुठे आहे ते कळायचं. बंब पऱ्हाट्यांवर चालायचा. कापसाचा भाव पडला तरी पऱ्हाट्या आंघोळीपुरत्या तरी उपयोगी पडत, एवढं शेतीचं उत्पन्न आमच्याकडे खात्रीचं होतं.

ही न्हाणी बदलायचं कारण सौंदर्य नव्हतं. आमची जमीन काळी. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आक्रसते की भेगेत हात जावा. तिच्यावर उभं असलेलं घर वर्षभर खालीवर होत राहतं, भिंतींना तडे जातात आणि फरश्या आपापल्या मताच्या होतात. आमच्या न्हाणीचा उतार एके काळी मोरीकडे होता. हळूहळू तो दाराकडे वळला आणि सकाळी पहिली आंघोळ झाली की पाणी स्वयंपाकघराची चौकशी करायला येऊ लागलं.

मिस्तरी येऊन पाहून गेला. मोठ्या कामाला मिस्तरी मिळतो, पाच बाय सहाच्या न्हाणीला मिळत नाही. "पाहू ना भाऊ, दिवाळी होऊ द्या," म्हणाला. कोणती दिवाळी, ते काही बोलला नाही. मग आपणच करू, असं मी जाहीर केलं. घरात कोणी हसलं नाही, हे जरा लागलं.

खरं तर या बाबतीत आमच्या मुलखाला परंपरा मोठी आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनाआधी स्वतः झाडू मारला. ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते, लोक पूर्णेत स्नानाला उतरतात, आणि काठच्या चिखलात म्हातारीकोतारी घसरून पडत. बाबांनी तिथे घाट बांधायला घेतला. विचार केला तर वऱ्हाडातलं सगळ्यात मोठं न्हाणीघर दुरुस्त करायचंच ते काम होतं. निधी आणि मिस्तरी मिळेपर्यंत थांबायचं, असं काही त्यांनी ठरवलेलं दिसत नाही. आमच्यासमोर तर नुसती पाच बाय सहा होती. पण बाबांना दर तासाला चहा घेऊन येणारे सल्लागार नसावेत. मला होते. एकानं छन्नी धरायची आणि बाकीच्यांनी ती कशी धरावी ते सांगायचं, अशी आमच्याकडे कामाची वाटणी असते.

फरशी उखडायला घेतली तेव्हा तिचा एक गुण कळला. शहाबादी म्हणजे कलबुर्गीकडचा चुनखडीचा दगड. आमचं बोअरचं पाणी जड. पूर्णेचा खारपाणपट्टा फार लांब नाही, जिथे अमरावती, अकोला, बुलडाण्यातली शेकडो गावं खाऱ्या पाण्यावर दिवस काढतात. त्या पाण्याचे क्षार फरशीवर पांढरे थर धरतात. ते काढायला आई दर दिवाळीला ॲसिड ओतायची, फेस यायचा आणि मळ निघाल्याचं समाधान व्हायचं. आता पांढरा थर काय नि शहाबादी काय, ॲसिडपुढे दोघंही एकाच कुळातले. फेस निम्मा फरशीचा होता. दाराजवळची फरशी त्यामुळे मध्यभागी बशीसारखी खोल झाली होती, आणि आम्ही इतकी वर्षं ती पावलांनी झिजली असं पाहुण्यांना कौतुकानं सांगत होतो.

भिंतीतला लोखंडी पाइप तर ऐवज निघाला. अर्ध्या इंचाचा पाइप, पण आतून क्षारांनी असा भरत आणलेला की जेमतेम उदबत्तीची काडी जावी. करवतीनं कापलेला तुकडा माझ्या बाबांनी खिडकीत ठेवला आणि येईल त्याला दाखवला. डॉक्टर शेजारी आले, तेही बराच वेळ डोळा लावून पाहत राहिले आणि घरी जाताना आपलं तेल कमी करतो म्हणाले. जुन्या सांध्यांवर सफेदा आणि सुतळी होती. ती गुंडाळणाऱ्या अनामिक माणसाचा हात भक्कम असणार. मी पाना लावून लोंबकळलो, बाबा माझ्या खांद्याला लोंबकळले, तेव्हा कुठे सांधा फिरला. आता प्लास्टिकचा पाइप, त्याला सोल्युशन लावायचं, क्षणभर दाबून धरायचं, की झालं. काम सोपं आहे, पण अंगाला घाम येत नसल्यानं बाबांचा त्याच्यावर विश्वास नाही.

मग उताराचा प्रश्न आला आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले शेजारचे काकाजी पायजम्यावर आले. आयुष्यभर कालव्यांचे उतार काढलेला माणूस. कालव्याला मैलाला हातभर उतारसुद्धा पुरतो, न्हाणीला मात्र फुटामागे पाव इंच लागतो. कमी दिला तर पाणी तुंबतं, जास्त दिला तर म्हातारी माणसं घसरतात. काकाजींनी पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि चारी भिंतींवर खुणा करून घेतल्या. "पानी कोनाच्या बापाचं आयकत नाही लेका," ते म्हणाले, "त्याले फक्त उतार समजते." नानी ट्रॅप सगळ्यात खालच्या कोपऱ्यात बसवला. त्या ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी कायम थांबून राहतं आणि गटाराचा वास वर येऊ देत नाही. घरातल्या ज्येष्ठांनाही सून आल्यावर साधारण हेच काम असतं, असं काकाजी म्हणाले. पण ते काकूंच्या गैरहजेरीत.

टाइल मोरबीच्या. दुकानात गेलो की सगळंच मोरबीचं असतं, वाद फक्त रंगाचा उरतो. तो मी बायकोवर सोपवला. पण तिथेच तिला शॉवर दिसला, ताटाएवढा, पावसासारखा पडणारा. बायको अमरावतीची. अप्पर वर्ध्याचं पाणी प्यायलेली माणसं नळाकडे ज्या भरवशानं बघतात, तो भरवसा आम्हा अकोलेकरांत जन्मतःच नसतो. आम्हाला महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी. ते कधी तीन दिवसांआड, कधी पाच दिवसांआड येतं, आणि उन्हाळ्यात कधी येईल ते विचारू नये. "आमच्या अमरावतीले असं नसते वो," हे वाक्य मी लग्नापासून ऐकतोय, पण दुकानदारासमोर ते पहिल्यांदाच झालं.

मी दाबाचं गणित मांडलं. शॉवरच्या दहा मीटर वर टाकी असेल तेव्हा कुठे एक बार दाब मिळतो. आमची टाकी शॉवरच्या डोक्यावर फार तर माणूसभर. त्या दाबानं पाऊस पडत नाही, पागोळ्या गळतात. बाबांनी हिशेब आणखी सोपा केला: "येवढं पानी उभ्या उभ्या सांडाचं? दोन बकेटा होतात तेवढ्यात, अन् फरशीबी धुऊन निघते." शॉवर तरीही घेतला. संसारात काही वस्तू पाण्यासाठी नसतात.

खरा पेच आईनं टाकला. सगळं मोजून झालं, कुठे बेसिन, कुठे कमोड, कुठे आरसा, ते खडूनं आखून झालं. आई दारात उभी राहून म्हणाली, "अन् ड्रम कुठी ठेवाचा मंग?"

ड्रम कोणत्याही कॅटलॉगमध्ये नसतो. चित्रातल्या बाथरूममध्ये नळ सोडला की पाणी येतं, हे गृहीत धरलेलं असतं. कोपऱ्यात ऑर्किड ठेवायला जागा असते. आमची न्हाणी म्हणजे मुळात पाणी साठवायची खोली, तिच्यात आंघोळही करतात इतकंच. शिवाय वैशाखात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात पोळतं. गार नळाला कढत पाणी येतं आणि गिझर बिचारा मान खाली घालून असतो. त्या दिवसांत रात्रीच ड्रम भरून ठेवायचा, म्हणजे सकाळी अंगावर घेण्याजोगं काही मिळतं. अकोल्यात गार पाणी आदल्या रात्री विचार करून मिळवावं लागतं.

बेसिन रद्द झालं. ड्रमला कोपरा मिळाला. बायकोनं पूर्ण भिंतीत एकच फुलांची टाइल बसवून घेतली होती, ती नेमकी ड्रममागे गेली. ड्रम तळाला आला की पाकळ्यांचा रंग प्लास्टिकमधून अंधूक दिसतो. नवे नळ आठ दिवस आरशासारखे चमकले आणि मग त्यांच्या तोंडाशी पांढरी मिशी फुटली. बाबांनी चष्मा लावून ती पाहिली आणि "आता आपल्या घरची वाटून राह्यली," म्हणाले.

काकाजी पाहणीला आले तेव्हा त्यांनी टाइल पाहिल्या नाहीत, शॉवरकडे मानही वर केली नाही. ड्रममधून लोटाभर पाणी घेतलं, दारापाशी ओतलं आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. पाणी थोडं घुटमळलं, मग एका बाजूनं निघून ट्रॅपमध्ये गेलं. त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक लोटा ओतला. तेही गेलं. चहा घेईपर्यंत ते या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. उठताना मात्र चप्पल शोधता शोधता म्हणाले, "रविवारी आमच्याकडे चक्कर टाक. काकूचं पानी देवघरात जाऊन राह्यलं. अन् येताना घमेलं तुहंच घेऊन ये, आमचं फुटलं."