जीर्णोद्धारक

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, लेथची घरघर आणि वेल्डिंगच्या ठिणग्या यांमधून वाट काढीत जाणाऱ्या मनुष्यास, कोठल्या तरी गॅरेजच्या दारात हौदा, केबिन, इंजिन आणि चाके यांपासून विभक्त करून घोड्यांवर चढविलेला जुन्या महिंद्र पिकअपचा सांगाडा, आणि त्याखाली उताणे पडलेले एक सुशिक्षित, सुखवस्तू व पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ हमखास दृष्टीस पडतात. हे मिस्त्री नव्हेत. मिस्त्री बाहेर बाकावर चहा पीत असतो. हे गाडीचे मालक. पेशाने ते वकील असतील, बँकेतील अधिकारी असतील किंवा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले उपअभियंता असतील. गाडी रस्त्यावर कधी येणार, या प्रश्नास ते सर्व ‘दिवाळीपर्यंत’ असे एकच उत्तर देतात, आणि कोणत्या दिवाळीपर्यंत, हे विचारण्याचा अगोचरपणा जाणता मनुष्य करीत नाही.

या संप्रदायाची पहिली परीक्षा हातोडीची. चासीवर हलके टोले देत, मडके पारखणाऱ्या गृहिणीप्रमाणे कान लावून ते पुढे सरकतात. मागच्या पाट्यांच्या शॅकलपाशी, जेथे पत्र्यावर पत्रा बसविलेला असतो आणि त्या फटीत वर्षानुवर्षांचा चिखल ठाण मांडून राहिलेला असतो, तेथे हटकून बद्द आवाज येतो. मग निरोगी लोखंड लागेपर्यंत सडका भाग कापणे आणि त्यावर तिरप्या कडांची जाड पट्टी जोडणे आले. पट्टीची कड उभी सरळ ठेवली तर पुढेमागे नेमकी तेथेच चीर जाते, हे ते भेटेल त्याला, त्याची इच्छा असो वा नसो, समजावून सांगतात. परंतु त्यांचा खरा आनंद मोजमापात. चासीच्या ठराविक छिद्रांतून ओळंबे सोडून जमिनीवर खडूच्या खुणा करावयाच्या, तिरक्या दोऱ्या ताणावयाच्या आणि दोन्ही कर्णांची रुजवात घालावयाची. कर्णांत चार मिलिमीटरांचा फरक निघाला की गृहस्थांचे अन्नपाणी तुटते. त्यांच्याच दिवाणखान्याची भिंत चांगली बोटभर कललेली आहे. परंतु त्या प्रकरणी घरच्यांनी केलेले सर्व अर्ज अद्याप विचाराधीन आहेत.

एवढी यातायात करण्यापेक्षा दुसरी चासी का घालत नाही, असे कोणी भाबडेपणाने विचारल्यास ते दयार्द्र मुद्रेने ओठंगून बसतात आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उच्चारतात. नोंदणीपुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकास मना आहे. आणि गाडीची ओळख म्हणजे चासीवर ठोकलेला नंबर. म्हणून बाकी सर्व अंगास सँडब्लास्टिंगचा मारा सोसावा लागला तरी ती हातभर जागा रॉकेलच्या फडक्याने, देव्हाऱ्यातील मूर्ती पुसावी तितक्या हळुवारपणे ते स्वहस्ते पुसतात.

अ‍ॅक्सल बदलताना हाच कायदा काय म्हणतो, याचा खुलासा मागू नये. त्याच घराण्यातला अ‍ॅक्सल घातला म्हणजे तो फेरफार नव्हे, पुनःस्थापना होय, असे त्यांचे मत आहे आणि ते भंगारवाल्यालाही मान्य आहे. १९४५ साली स्थापन झालेल्या आणि पुढे विलीजच्या परवान्यावर जीप जोडू लागलेल्या महिंद्र कंपनीच्या जुन्या गाड्यांत क्राउनला ४३ आणि पिनियनला ८ दाते ही जोडी सापडते. भंगारातून आणलेल्या अ‍ॅक्सलचे कुलशील तपासावयाचे तर दोन्ही चाके मिळून एक फेरी फिरवावी आणि पिनियनवर खडूची खूण करून तिचे फेरे मोजावेत: सव्वापाचाहून किंचित अधिक भरले, तर सोयरीक पक्की. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचे प्रमाण जुळले नाही, तर फोर-व्हील लावताच डांबरी रस्त्यावर दोन्हींची ओढाताण सुरू होते आणि तिचा भुर्दंड ट्रान्स्फर केसला पडतो.

त्यानंतर पाट्यांच्या बैठकी वेल्ड करताना पिनियनचे नाक किती वर असावे, यावरून वाद पेटतो. मालक कोनमापक लावून अर्ध्या अंशाची तफावत शोधून काढतात. बैठक कापली जाते, पुन्हा जोडली जाते, पुन्हा कापली जाते. तेव्हा मिस्त्री गॅस कटर बाजूला ठेवून म्हणतो, ‘‘सायेब, गाडीला काय बी कळंना झालंय, तुमालाच तेवढं कळतंय!’’ साहेब हा शेरा स्तुती म्हणून दाखल करून घेतात.

आणि तरीही गाडी खरोखर तयार होते. हौद्याला आरशासारखा रंग असतो, यू-बोल्टांच्या नटांवर पिवळी खूण असते, एका झटक्यात इंजिन सुरू होते. गावाकडून गव्हाची पोती आणावयाची आहेत, असे सौभाग्यवती सुचवितात तेव्हा मात्र ‘अहो, पोती? या हौद्यात?’ एवढेच शब्द गृहस्थांच्या कंठातून बाहेर पडतात. दुसऱ्या दिवशी पोती भाड्याच्या टेम्पोतून येतात, आणि चालकाच्या हाती भाड्याची रक्कम ठेवताना साहेब त्याला तासभर थांबवून, त्याच्या मागच्या अ‍ॅक्सलमधून येणारी किरकिर बेअरिंगची की क्राउन-पिनियनची, हे रस्त्यावर गुडघे टेकून तपासत राहतात.