ऑइलदक्ष गृहस्थ

ऑइलदक्ष गृहस्थ साधारण चाळिशीनंतर आढळतो. शंभर-सव्वाशे सीसीची मोटरसायकल, कायम नोकरी आणि खिशात छोटी वही ही त्याची ठळक लक्षणे. वहीत तारीख, मीटरचे रीडिंग, ऑइलची ग्रेड आणि भाव असे चार रकाने आखलेले असतात. घरच्यांचे रक्तगट त्याला आठवावे लागतात. आपल्या गाडीला 10डब्ल्यू-30 लागते, हे तो झोपेतून उठवले तरी सांगतो.

ऑइल कधी बदलावे याचा त्याचा सिद्धांत बहुधा वडिलांच्या राजदूतपासून चालत आलेला असतो. राजदूत टू-स्ट्रोक होती. तिच्या इंजिनाचे ऑइल पेट्रोलमध्ये मिसळलेले असे आणि त्याच्याबरोबर जळून जाई. बदलायचे ते गिअरबॉक्सचे तेवढे. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली, पुढे फोर-स्ट्रोक गाड्या घरोघरी झाल्या, पण सिद्धांत जागचा हलला नाही. त्याचे मुख्य सूत्र असे : कंपनी तीन हजार किलोमीटर म्हणत असेल, तर आपण दोन हजारांतच उरकावे.

सूत्राला जोड म्हणून बोटाची परीक्षा असते. गाडी मेन स्टँडवर लावून तो डिपस्टिक काढतो, थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळतो, वास घेतो आणि ‘काळं पडलं’ असा निकाल देतो. वास्तविक ऑइलमधली डिटर्जंट द्रव्ये काजळी धरून ठेवतात, म्हणून चांगले ऑइलही लवकर काळे होते. ही माहिती दिल्यास तो ‘असेल’ म्हणतो आणि पुन्हा वास घेतो.

त्याची काळजी अगदीच अनाठायी नसते. बहुतेक मोटरसायकलींत पिस्टन, क्लच आणि गिअर या तिघांना मिळून एकच ऑइल असते आणि लहान गाडीत ते जेमतेम लिटरभर मावते. गिअरच्या दात्यांत सापडून ते पातळ होत जाते. कारचे ऑइल टाकले तर क्लच घसरण्याची भीती असते, म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए 2’ ही खूण पाहायची. एवढे त्याला पक्के ठाऊक असते आणि पेट्रोल पंपाच्या रांगेतल्या अनोळखी माणसालाही तो ते ऐकवतो.

हिशेब चुकतो तो दुसरीकडे. त्याची गाडी घर, ऑफिस आणि मंडई एवढीच फिरते. दोन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरते तापत नाही; पाण्याची वाफ आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्येच राहते. म्हणून कंपन्या किलोमीटरबरोबर महिनेही देतात आणि जे आधी भरेल ते धरायला सांगतात. गृहस्थ वहीत रीडिंगची वजाबाकी नेमाने करतो. तारखांची कधीच करत नाही.

सर्व्हिसिंगला गाडी ‘टाकून जाणे’ त्याला मान्य नाही. सीलबंद डबा तो स्वतः आणतो आणि इंजिन थोडे गरम करून घ्यायला लावतो. नट सुटला की आधी काळी धार लागते, मग थेंब. तो गाडी डावीकडे कलती करतो, मग उजवीकडे.

‘अजून येतंय.’

‘काका, मागे तीन गाड्या उभ्या आहेत.’

नवे ऑइल पडल्यावर रिकाम्या डब्याला तो स्वतः भोक पाडतो, म्हणजे त्यात कोणी बनावट माल भरू नये. जळके ऑइल बाटलीत भरून घरी येते आणि फाटकाच्या बिजागऱ्यांना लागते.

याच घरात बहुधा विरुद्ध प्रकारही नांदतो : चिरंजीव. ‘चालतेय ना, मग?’ हा त्याचा सिद्धांत. सर्व्हिसिंग म्हणजे खंडेनवमीला गाडी धुणे, अशी त्याची समजूत असते. चेन सुकते, ॲव्हरेज पडते, शेवटी सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि गॅरेजवाला ‘इंजिन उघडावं लागेल’ म्हणतो. तो खर्च वडिलांच्या वहीत पाचवा रकाना आखून नोंदला जातो.

दोघांच्या वादाचा निकाल सीटखालच्या पुस्तिकेत छापलेला असतो. नव्या गाडीची पहिली सर्व्हिसिंग बहुधा 500 ते 750 किलोमीटरच्या आसपास, कारण नव्या भागांची झीज ऑइलमध्ये उतरते, पुढची मॉडेलप्रमाणे, धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टर लवकर. पुस्तिका मूळच्या प्लास्टिकच्या पिशवीत असते आणि पिशवीला रबर लावलेले असते. गाडी विकताना ते रबर पहिल्यांदा निघते. गृहस्थ पुस्तिकेसोबत वहीही पुढे करतो. घेणारा मॉडेलचे साल पाहतो, किक मारून आवाज ऐकतो आणि भाव सांगतो. वहीचे पैसे वेगळे मिळत नाहीत.