चार म्हणजे पोचली

(सकाळचे साडेनऊ. ऑनलाइन हापूस विकणाऱ्या कंपनीचं ऑफिस. प्रोग्रामर डीबीए मॅडमच्या टेबलापाशी चहाचा कप ठेवतो. स्वतःहून चहा आणला, म्हणजे काहीतरी बिघडलंय.)

डीबीए : काय पाडलंस?

प्रोग्रामर : छे मॅडम, उलट साहेब खूश आहेत. रद्द ऑर्डर आज शून्य. पेढे मागवलेत त्यांनी.

डीबीए : ऐन मे महिन्यात रद्द ऑर्डर शून्य? पुढे बोल.

प्रोग्रामर : फक्त ज्यांनी ऑर्डर रद्द केल्या होत्या, त्यांना 'पेटी पोचली, आंबे कसे वाटले?' असा मेसेज गेलाय. एका काकांनी कळवलंय, 'उत्तम. फक्त दिसत नाहीत.'

डीबीए : आणि ज्यांना खरंच पोचली?

प्रोग्रामर : त्यांना 'रवाना' दिसतंय. एक पेटी संपवून ते आता दुसरीची वाट बघतायत.

डीबीए : काल रात्री काय टाकलंस प्रॉडक्शनवर?

प्रोग्रामर : एक शब्द! ऑर्डरच्या स्थितीचा ईनम आहे ना : नवी, पैसे आले, रवाना, पोचली, रद्द. साहेब म्हणाले, 'पॅकिंग' हवं. मी 'पैसे आले' आणि 'रवाना' यांच्या मध्ये घातलं. पॅकिंग तिथेच होतं ना!

डीबीए : गोदामात तिथेच होतं. टेबलात काय लिहिलं जातं बघितलंस? हे बघ. (स्क्रीन वळवते.) स्टेटसच्या रकान्यात नाव आहे का कुठे? २, ३, ४, ४, ३.

प्रोग्रामर : पण आकडे लिही असं मी कुठेच सांगितलं नव्हतं!

डीबीए : म्हणूनच लिहिले. तू गप्प बसलास की जावाचं जेपीए ईनमचा क्रमांक लिहितं, शून्यापासून. काल चार म्हणजे रद्द होतं. तू मध्ये एक घुसवलास, सगळे एकेक खुर्ची सरकले. आज चार म्हणजे पोचली. पाच म्हणजे रद्द, आणि पाच कोणाकडेच नाही. तेच तुझ्या साहेबांचं शून्य.

प्रोग्रामर : अरे देवा.

डीबीए : शाळेत वर्षाच्या मध्यात 'चव्हाण' आला म्हणून हजेरीपट पुन्हा लावला, पण चाचणीचे गुण जुन्या रोल नंबरवरच ठेवले, तर काय होईल?

प्रोग्रामर : माझं तसंच झालं होतं मॅडम. म्हणून तर पास झालो.

डीबीए : दिसतंच आहे.

प्रोग्रामर : मग आता नावच लिहू. सरळ स्ट्रिंग.

डीबीए : बरं ते. पण इंग्रजीत 'कॅन्सल्ड' लिहिताना एक एल की दोन?

प्रोग्रामर : दोन. एकही चालतो.

डीबीए : झालं. उद्या कोणीतरी शुद्धलेखनप्रेमी कोडमधला एक एल उडवणार. टेबलातल्या जुन्या ओळींत दोनच राहणार. मग जावा म्हणणार, या नावाचं इथे कोणी राहत नाही.

प्रोग्रामर : मग डेटाबेसचाच ईनम वापरू. पोस्टग्रेसमध्ये आहे ना?

डीबीए : आहे, ८.३ पासून, म्हणजे २००८ पासून. ९.१ पासून तर नवं मूल्य मध्येही घालता येतं, आणि जुन्यांना धक्का लागत नाही. पण काढायचं म्हटलंस तर काढता येत नाही. रेशनकार्डावरचं नाव निदान अर्ज करून कमी होतं. इथे नवा टाइप करून अख्खा रकाना त्यात हलवायचा. आणि मायएसक्यूएलचा ईनम एकापासून मोजतो, तुझा जावा शून्यापासून. एकाचा तळमजला तो दुसऱ्याचा पहिला. लिफ्टमध्ये भांडणं.

प्रोग्रामर : मग करायचं काय?

डीबीए : प्रत्येक स्थितीला हाताने कोड द्यायचा. दोन अक्षरी, कायमचा. ईनममध्ये तो लिहायचा, कन्व्हर्टरने टेबलात न्यायचा. २०१३ पासून आहे ही सोय, तू तेव्हा शाळेत होतास. शिवाय स्थितींचं वेगळं टेबल आणि फॉरेन की, म्हणजे कोणी भलतंच काही लिहायला गेला तर दारातच अडेल. मग कोडमध्ये क्रम हवा तसा लाव, नाव बदल, मला काय त्याचं!

प्रोग्रामर : उद्या करतो. आता फक्त दोन आणि त्यावरच्या आकड्यांत एकेक मिळवू?

डीबीए : हात लावू नकोस! रात्रीपासून आलेल्या ऑर्डरी नव्या आकड्यांनी लिहिल्या गेल्यात. रकान्यातला दोन जुना रवाना की नवा पॅकिंग?

प्रोग्रामर : ओळ बदलल्याची वेळ बघू. मी रात्री सव्वाअकराला टाकलं, त्याआधीचे जुने.

डीबीए : आणि सव्वाअकरानंतर कोणी नुसता पिनकोड दुरुस्त केला असेल तर? वेळ नवी, आकडा जुना. परवाचा बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर चढवते, ओळीला ओळ ताडून बघू. दुपार जाईल. तू तोवर ते मेसेज बंद कर आणि साहेबांना फोन लाव.

प्रोग्रामर : काय सांगू?

डीबीए : पेढे थांबवा म्हणून.

प्रोग्रामर : आले मॅडम ते. रिसेप्शनवर आहेत. दोन किलो.

डीबीए : आपल्या सिस्टिममध्ये काय दाखवतंय?

प्रोग्रामर : (फोन बघत) रवाना.