"टायरचा आवाज आहे जी"

डिफ्रन्शियल एका दिवसात जात नाही. तो आधी कितीतरी आठवडे आवाज करून सांगत असतो. माझी तक्रार ही की त्या काळात त्याचं ऐकून घेणारं कोणी भेटत नाही. मागून घूं असा सूर येतोय म्हणून गाडी दाखवायला न्यावी, तर गाडीत बसायच्या आधीच निदान तयार असतं: "टायरचा आवाज आहे जी." पुढच्या गॅरेजात व्हील बेअरिंगवर खापर फुटतं. त्याच्या पुढच्या ठिकाणी विचारतात, "चालते ना जी? मग चालू द्या." ही सगळी उत्तरं उभ्या गाडीकडे बघून दिलेली असतात. उभ्या गाडीचा डिफ्रन्शियल आवाज करत नाही. तो ऐकायचा तर गाडी चालवावी लागते, आणि त्यासाठी लागणारा अर्धा तास कोणी काढत नाही.

गोंदिया जिल्ह्यात ही बाब किरकोळ नाही. इथे फोर-व्हील ड्राइव्ह मिरवायला घेत नाहीत. नवेगाव-नागझिऱ्यात सफारीच्या जिप्सी त्याच्यावर चालतात, सालेकसा-देवरीच्या जंगलपट्ट्यात जुन्या जीप त्याच्याच जोरावर टिकून आहेत. महिंद्राने 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीजची जीप जुळवायला सुरुवात केली. मारुतीची जिप्सी 1985 साली आली आणि 2019च्या सुमारास बंद झाली. जुनी जीप घ्या की जिप्सी, मांडणी एकच: पुढे एक अखंड अ‍ॅक्सल, मागे एक अखंड अ‍ॅक्सल, दोघांच्या पोटात एकेक डिफ्रन्शियल आणि मधे ट्रान्सफर केस. म्हणजे बिघडायला दोन डिफ्रन्शियल. तरीही आवाज पुढचा की मागचा, एवढं विचारायचीसुद्धा पद्धत पडलेली नाही.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. ते कापू देणं हे डिफ्रन्शियलचं काम, आणि ही युक्ती 1828 पासून पेटंटात नोंदलेली आहे. पेक्युअर नावाच्या फ्रेंच माणसाने ती वाफेच्या गाडीसाठी केली होती. तिच्यातली अडचण अशी की साध्या डिफ्रन्शियलमध्ये जे चाक घसरतं तेच फिरत राहतं आणि ज्याला पकड आहे ते गप्प उभं राहतं. पुढे-मागे दोन्हीकडे साधे डिफ्रन्शियल असतील, तर फोर-व्हील ड्राइव्ह लावूनही पुढचं एक आणि मागचं एक अशी दोन चाकं गरगर फिरतात आणि गाडी आहे तिथेच राहते. रोवणीच्या दिवसांत बांधीच्या कडेला गाडी रुतली की चालक नेमका इथेच अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरतो. त्या वेळी आतले छोटे स्पायडर गिअर, जे एरवी वळणापुरते हळूहळू फिरायचे, ते पूर्ण वेगाने आपल्या पिनवर घासत असतात, आणि तिथे पोचणारं ऑइल त्या वेगाला पुरत नाही. पिन तापते, निळी पडते, खरवडली जाते. चाकाखाली तणस आणि दोन दगड टाकायला पाच मिनिटं लागतात. धान कापल्यावर तणस आपल्याकडे हाताशी असतेच, आणि रोवणीच्या वेळी ती गाडीत पेंढी-दोन पेंढी ठेवता येते. मी हे प्रत्येक चालकाला सांगतो आणि प्रत्येक जण मान डोलावतो.

दुसरी खोड जंगलातून परतताना दिसते. कच्चा रस्ता संपतो, कोहमाऱ्याला गाडी राष्ट्रीय महामार्गावर लागते, आणि लिव्हर तसाच फोर-व्हीलमध्ये. या गाड्यांना वळणावर पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये तडजोड करणारा मधला डिफ्रन्शियल नसतो. चिखलात चाक थोडं घसरून हिशेब मिटवतं. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, म्हणून सगळा ताण शाफ्ट, त्याचा क्रॉस आणि क्राउन-पिनियन या डिफ्रन्शियलच्या मुख्य गिअरजोडीवर चढत जातो. स्टिअरिंग जड होतं, लिव्हर परत टू-व्हीलमध्ये येत नाही, आणि मग त्या लिव्हरवर लाथ बसते. मागे दोन नवे टायर आणि पुढे दोन झिजलेले टाकून फोर-व्हील लावणाऱ्यांचंही हेच होतं, फक्त त्यांना वळणाचीही गरज पडत नाही.

आता आवाज. डिफ्रन्शियल नेमकी जागा सांगतो, म्हणून मला त्याच्याविषयी आदर आहे. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय असताना सूर चढतो आणि पाय काढताच बदलतो, तर क्राउन आणि पिनियनचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत. पाय काढल्यावरच घरघर वाढते, तर पिनियनच्या बेअरिंगकडे बघा. सरळ जाताना शांत आणि वळताना खडखड, तर स्पायडर गिअर. क्लच सोडताना एकच टक्, तर आधी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस हाताने हलवून बघा. तो ग्रीस न मिळाल्याने सुकलेला असतो आणि डिफ्रन्शियलपेक्षा फार स्वस्तात बदलतो. गाडी डावी-उजवीकडे लहरवल्यावर गुरगुर कमी-जास्त होते, तर ते खरंच व्हील बेअरिंग. आणि टायरचा आवाज असेल तर रस्ता बदलताच तो बदलतो: डांबरावर वेगळा, काँक्रीटवर वेगळा. डिफ्रन्शियलला रस्ता कुठला आहे याच्याशी देणंघेणं नसतं. पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब असतील तर ते मोकळे करून तीच फेरी पुन्हा मारा. आवाज गेला तर पुढचा अ‍ॅक्सल. या सगळ्याला एक रिकामा रस्ता आणि बंद ठेवलेला रेडिओ एवढंच साहित्य लागतं.

त्यानंतर ऑइल. इथे माझी सगळ्यात जुनी तक्रार आहे. खालचा ड्रेन प्लग सोडायच्या आधी वरचा भरण्याचा प्लग उघडतोय का ते बघा. तो वर्षानुवर्षं कोणी उघडलेला नसतो, गंजून बसलेला असतो, आणि चुकीच्या पान्याने त्याचे कोपरे आधीच गोल झालेले असतात. खालून ऑइल सोडून दिलं आणि वरचा प्लग निघेना, की गाडी तिथेच अडकते. एवढा साधा क्रम पाळला जात नाही.

ऑइल फेकण्याआधी बघायचं असतं. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर चिकटलेला काळा, बोटांत विरघळणारा चिखल ही रोजची झीज. तिची काळजी नको. त्याच चिखलात नखाला लागणारा चमकता कीस असेल तर बेअरिंगचे थर सुटायला लागलेत. टोकदार तुकडा असेल तर तो दात आहे, आणि गाडी त्या दिवसापासून उभी करायची. ऑइल दुधाच्या चहाच्या रंगाचं निघालं तर आत पाणी शिरलंय. तापलेला अ‍ॅक्सल नाल्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, आणि अ‍ॅक्सलवरचा ब्रीदर, म्हणजे हवा जायची-यायची वाट, मातीने बुजलेला असेल तर ती ऑइल सीलच्या ओठातून पाणी ओढून घेते. ब्रीदर ही बोटाच्या पेराएवढी वस्तू. ती साफ करायला गुडघे टेकावे लागतात, म्हणून राहून जाते, आणि मग दर पावसाळ्यानंतर सील बदलून होते, ब्रीदर तसाच.

गॅरेजात बहुधा एकच पिंप असतं आणि त्यातलं "नव्वद नंबर" गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, डिफ्रन्शियल सगळीकडे जातं. हायपॉइड क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घसरतातही, म्हणून त्यांना जीएल-5 दर्जाचं ऑइल लागतं. तेच ऑइल गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोनायझरला मानवेलच असं नाही. डब्यावर हे छापलेलं असतं. आवाज दाबायला जाड ऑइल भरणं, हे मी दुरुस्ती म्हणून मान्य करत नाही. विकायला काढलेल्या जुन्या गाडीत तर भुसाही सापडतो.

उघडायची वेळ आलीच तर काम मापाचं आहे. बेअरिंगच्या कॅप काढण्याआधी पंचने डावी-उजवी खूण करायची, कारण त्या जागेवर बसवूनच कापलेल्या असतात. क्राउन आणि पिनियन ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवतात. दात पिनियनचा तुटला म्हणून एकटं पिनियन आणून चालत नाही. मला "क्राउन चांगला आहे जी, पैसे वाचतील" हे ऐकवलं गेलंय, आणि सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण ते पैसे वाचत नाहीत. पुन्हा नागपूरहून माल येईपर्यंत गाडी ठोकळ्यांवर.

जोडी बसवल्यावर दोघांतला प्ले डायल गेजने मोजायचा. तो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात. बोटांनी हलवून "बरोबर आहे" म्हणता येण्याइतकं ते माप मोठं नाही. मग क्राउनच्या काही दातांना रंग लावायचा, पिनियन फिरवायचं आणि उमटलेला ठसा वाचायचा. ठसा दाताच्या माथ्याकडे असेल तर पिनियन क्राउनपासून लांब राहिलंय, मुळाशी असेल तर फार आत शिरलंय; मग शिम, म्हणजे अंतर ठरवणारी पातळ चकती, बदलायची. दाताच्या आतल्या टोकाला सरकला असेल तर क्राउन पिनियनच्या फार जवळ, बाहेरच्या टोकाला असेल तर लांब. मधोमध लांबट ठसा येईपर्यंत खोल, बसव, फिरव. पिनियनच्या बेअरिंगवरचा ताणही असाच: फ्लँजला दोरी गुंडाळून स्प्रिंगचा ताणकाटा ओढला की तो आकड्यात कळतो. त्याऐवजी इम्पॅक्ट गन लावून नट आवळतात, चेपणारा स्पेसर गरजेपेक्षा जास्त चेपतो, आणि नवं बेअरिंग पहिल्याच उन्हाळ्यात निळं पडतं. जुना कीस अ‍ॅक्सलच्या नळ्यांत तसाच राहिलेला असेल तर उन्हाळ्यापर्यंतही जात नाही. नळ्यांतून केरोसीनचं फडकं ओढायला खर्च फडक्याचा.

नवी जोडी पहिले पाचेकशे किलोमीटर ओझ्याविना चालवावी, आणि मग ते ऑइल काढून नवं भरावं. दुसऱ्यांदा ऑइल बदलायचं म्हटलं की समोरचा माणूस मी पैसे उधळतोय अशा नजरेने बघतो. जे ऑइल निघतं त्यात नव्या दातांची पहिली झीज असते. ते डबा उघडून त्याला दाखवावं लागतं.

शेवटची तक्रार बिलाची. त्यावर "डिफ्रन्शियल काम" एवढं लिहिलेलं असतं आणि रक्कम. शिम किती जाडीची घातली, प्ले किती ठेवला, स्पेसर नवा की जुना, यातलं काही नाही. काढलेलं बेअरिंग मागितलं तर ते भंगारात गेलेलं. ज्याने काम केलं त्याला हे आकडे पाठ असतात, निदान त्या संध्याकाळी तरी. पुढच्या वेळी ती गाडी देवरीला दुसऱ्याच माणसापुढे उभी असेल, आणि त्याला शून्यापासून मोजायला लागेल. मी आता काम सोपवताना बिलाच्या मागे हे आकडे लिहून द्यायचं आधी कबूल करून घेतो, आणि जुनं बेअरिंग पिशवीत मागतो.