हाडाचा प्रेक्षक

हाडाचा शिक्षक असतो, हाडाचा कार्यकर्ता असतो, तसा हाडाचा प्रेक्षकही असतो. फक्त त्याला शाल-श्रीफळ द्यायचं कोणाला सुचत नाही. गिरगावातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर असे एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळी चाळ भाऊ म्हणते. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण बँकेतली नोकरी हा जोडधंदा होता. खरी नोकरी क्रिकेट बघण्याची, आणि तिच्यात रिटायरमेंट नाही.

क्रिकेटवेडे पुष्कळ असतात. ते मॅच बघतात. भाऊ मॅच चालवतात. आपली जोडी जमली की घरात कोणी जागा सोडायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. २ एप्रिल २०११ ला वर्ल्ड कपची फायनल घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, वानखेडेवर होती आणि भाऊ घरी टीव्हीसमोर होते. (तिकिटाचा विषय त्यांच्यासमोर काढायचा नाही.) गंभीर ९७ वर बाद झाला त्या क्षणी त्यांचा मेहुणा पाणी प्यायला उठला होता. त्या दोघांपैकी भाऊंनी गंभीरला माफ केलं.

अशा माणसाचं मार्च २०२० मध्ये काय झालं असेल, याचा विचार कोणी केला नाही. खेळाडूंचं काय, बोर्डाचं काय, जाहिरातदारांचं काय, यावर अग्रलेख आले. बघणाऱ्यांचं काय, हा प्रश्न कोणत्याही चर्चेत आला नाही.

सुरुवात पावसाने झाली, म्हणून भाऊ बेसावध राहिले. १२ मार्चला धरमशालाची दक्षिण आफ्रिकेविरुद्धची वन-डे पाण्यात गेली. पावसाशी भाऊंचा जुना व्यवहार आहे. डकवर्थ-लुईसच्या नावाने बोटं मोडली की त्यांचं मन हलकं होतं. पण दुसऱ्या दिवशी एकामागून एक बातम्या आल्या. लखनौ आणि कोलकात्याच्या मॅचेस रद्द. २९ मार्चला वानखेडेवर मुंबई-चेन्नईने सुरू होणारी आयपीएल १५ एप्रिलवर. राजकोटला रणजी फायनलच्या शेवटच्या दिवशी प्रेक्षकांना बंदी. रणजीला प्रेक्षक येत होते, ही गोष्ट आमच्या चाळीला त्या बंदीमुळे कळली. सौराष्ट्राने पहिल्यांदा रणजी जिंकली आणि टाळ्या वाजवायला संघाच्या बाहेरचं फारसं कोणी नव्हतं.

त्याच दिवशी सिडनीला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड रिकाम्या मैदानात खेळले. सिक्सर खुर्च्यांमध्ये जाऊन पडला आणि न्यूझीलंडचा एक खेळाडू कुंपण ओलांडून, रांगांमध्ये वाकून वाकून चेंडू शोधू लागला. भाऊंनी ते दृश्य बघितलं आणि टीव्हीचा आवाज बंद केला. "माणसं असती तर हातात आणून दिला असता," ते म्हणाले. आजार किती गंभीर आहे हे इतरांना इटलीच्या बातम्यांवरून कळलं. भाऊंना त्या चेंडूवरून.

१५ एप्रिल म्हणजे फक्त सतरा दिवसांचा उशीर, या हिशेबावर त्यांनी मार्च काढला. २२ तारखेला सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या, तेव्हा गॅलरीत भाऊंची थाळी वेगळी ऐकू येत होती. तिला एक पोक्तपणा होता. ती २०११ ला रात्रभर वाजलेली थाळी होती. मग लॉकडाऊन लागला, मग तो वाढला आणि एप्रिलच्या मध्यावर आयपीएल बेमुदत पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. 'बेमुदत' हा प्रकार त्यांनी आयुष्यभर युनियनच्या संपातच ऐकला होता. "मागण्या कोणाच्या आहेत?" त्यांनी विचारलं.

वाहिन्यांनी जुन्या मॅचेस लावायला सुरुवात केली आणि भाऊ कामावर रुजू झाले. इथे त्यांची प्रतिभा दिसली. तुम्ही-आम्ही जुनी मॅच आठवणीसाठी बघतो. भाऊ ती निकाल बदलू नये म्हणून बघतात. काकू तेव्हा रोज दूरदर्शनवर पुन्हा लागलेलं रामायण बघत. त्यावरून एकदा जुंपली.

"अहो, ती मॅच आपण जिंकलोय. कशाला रक्तदाब वाढवताय?"

"रावण मरतो हे माहीत असून तू बघतेसच ना?"

"बघते. पण बाण लागेपर्यंत कोणाला खुर्चीत डांबून ठेवत नाही."

२००२ सालची नॅटवेस्ट फायनल लागली त्या दुपारची गोष्ट चाळीत अजून सांगतात. ३२६ चं लक्ष्य, आणि सचिन बाद झाला तेव्हा आपण ५ बाद १४६. खऱ्या मॅचला त्या क्षणी हजारो घरांत टीव्ही बंद झाला होता. भाऊंनीही केला होता, आणि कैफ-युवराजने काय केलं ते त्यांना रस्त्यावरच्या फटाक्यांवरून कळलं होतं. आता अठरा वर्षांनी, निवांत, घरबसल्या ते सगळं डोळ्यांनी बघायची संधी आली. सचिनचा त्रिफळा उडाला आणि भाऊंनी उठून टीव्ही बंद केला. नातू रडकुंडीला आला. भाऊ म्हणाले, "बंद केला म्हणून जिंकलो होतो. आता उगाच छेडछाड नको."

या असल्या गोष्टींना हसणं सोपं आहे. मीही हसतो. पण मैदानात उतरलेल्या अकरा जणांना निदान बॅट-बॉल तरी मिळतो. बघणाऱ्याच्या हातात काहीच नसतं, म्हणून तो पायांची अढी, कुर्त्याचा रंग, मेहुण्याचं पाणी अशी अवजारं गोळा करतो. घरात कोंडलेल्या बाकीच्यांनाही त्या वर्षी नेमका हाच अनुभव आला. भाऊंना त्याची सवय होती, एवढंच. चाळीत सगळ्यात कमी घाबरलेला माणूस तेच होते. रोजचे आकडे आले की चाळीला धडकी भरे, भाऊ मात्र वही काढत. रुग्ण दुप्पट व्हायला किती दिवस लागतात हे गणित त्यांना आस्किंग रेटमुळे उपजतच येत होतं. पालिकेने शेजारच्या इमारतीला बांबू ठोकून ती सील केली, तेव्हा "पार्टनरशिप तुटायला हवी, जवळजवळ उभे राहिले की स्कोअर वाढतो," असं त्यांनी खालच्या मजल्यावरच्या आजींना समजावलं. आजींना क्रिकेट कळत नाही, पण त्या दिवसापासून त्यांनी नळावर गर्दी करणं सोडलं.

जगात कुठे काही चालू आहे का, याचा शोध नातवाच्या मोबाइलवरून सुरू झाला. बेलारूसमध्ये फुटबॉल चालू होता. फुटबॉल हा भाऊंच्या मते नव्वद मिनिटांत एक-दोन रन होणारा खेळ, तरी तो त्यांनी बघितला. तैवानमध्ये बेसबॉल सुरू झालं, पण तिथल्या एका संघाने प्रेक्षकांच्या जागी चक्क रोबो उभे केले होते. मे महिन्यात जर्मनीची फुटबॉल लीग परत आली, आणि मोन्शेनग्लाडबाखच्या मैदानात चाहत्यांचे पुठ्ठ्याचे पुतळे खुर्च्यांवर बसवले होते. आपला फोटो पाठवायचा, १९ युरो भरायचे, पुतळा बसतो, आपण घरी. भाऊंनी त्याचे रुपये केले आणि बराच वेळ बोलले नाहीत. पैसे जास्त वाटले असं नव्हतं. तो पुठ्ठा नव्वद मिनिटं न हलता बसणार होता, आणि हे काम त्यांच्या घरात आजवर एकालाही नीट जमलं नव्हतं.

जुलैत साउथॅम्प्टनला इंग्लंड-वेस्ट इंडिज टेस्टने क्रिकेट परत आलं. चेंडूला थुंकी लावायची नाही, हा नवा नियम ऐकून भाऊ म्हणाले, "आता सगळ्या गोलंदाजांना घाम येईपर्यंत पळवा." १५ ऑगस्टला संध्याकाळी धोनीने इन्स्टाग्रामवरून निवृत्ती जाहीर केली. भाऊ सचिनचे माणूस, धोनीशी त्यांचं नातं व्याह्यासारखं, मान द्यायचा पण अंतर ठेवून. तरी त्यांना ते लागलं. सचिनला निरोप द्यायला ते २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये वानखेडेवर होते आणि घसा बसेपर्यंत ओरडले होते. "याला निरोप द्यायला आपल्याला बोलावलंच नाही," ते म्हणाले. त्यात 'आपल्याला' या शब्दावर जोर होता.

अखेर १९ सप्टेंबरला अबू धाबीत आयपीएल सुरू झाली. मुंबई पहिली मॅच चेन्नईशी हरली. ही तेव्हाची परंपरा होती; २०१३ पासून तोवर मुंबई पहिली मॅच जिंकलेली नव्हती आणि 'पहिली मॅच देवाला' असं म्हणून चाहते ती सोडून देत. हरण्याचं दुःख भाऊंना नव्हतंच. त्यांना बसलेला धक्का वेगळा होता. मैदान रिकामं, आणि टीव्हीतून हजारो लोकांचा आवाज येत होता.

रेकॉर्ड केलेला आवाज आहे हे नातवाने सांगितलं, तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. मग ते चेंडूकडे बघायचं सोडून आवाजाकडेच लक्ष देऊ लागले. "बघ, चौकार कडेला पोहोचला आणि आता ओरडताहेत! बटण दाबणारा झोपलाय." "डॉट बॉलवर टाळ्या? कोणाच्या?" "विकेट पडल्यावर आधी क्षणभर शांतता हवी, मग गलका. याला मैदानाची चालच माहीत नाही." हे शेवटचं मला अगदी पटलं. घरच्या संघाची विकेट पडली की वानखेडेवर एक सेकंद काहीच ऐकू येत नाही, आणि तो सेकंद कोणत्याही यंत्राला साधलेला नाही. आपण चाळीस वर्षं ज्या कामात घालवली ते एका बटणावर चालतं आणि मॅच तरीही होते, हे कळल्यावर कोणताही कारकून जसा वागेल तसे भाऊ वागले. त्यांनी बटणाच्या चुका काढायला सुरुवात केली.

१८ ऑक्टोबरला मुंबई-पंजाबची सुपर ओव्हरही टाय झाली आणि दुसरी सुपर ओव्हर खेळवावी लागली. असं कधी झालं नव्हतं. पंजाब जिंकली. त्या रात्री भाऊ एका पायावर दुसरा टाकून इतका वेळ बसले की उठताना पाय आलाच नाही, आणि काकूंनी पहाटेपर्यंत तेल चोळलं. १० नोव्हेंबरला दुबईत दिल्लीला हरवून मुंबईने पाचव्यांदा कप जिंकला, तेव्हा मी अभिनंदन करायला गेलो. भाऊ उदास होते. "जिंकणारच होते," म्हणाले. "आम्ही नव्हतो, तरी जिंकले." मग थोड्या वेळाने, काकू आत गेल्यावर, हळूच सांगितलं की शेवटची पाच षटकं ते स्वयंपाकघरात मिक्सरपाशी उभे होते. चेहऱ्यावर थोडा रंग आला.

२०२१ चा एप्रिल मात्र वेगळा गेला. आयपीएल भारतात आली, वानखेडेवर दहा मॅचेस ठेवल्या, आणि कोणालाच घरचं मैदान द्यायचं नाही म्हणून मुंबईचा संघ चेन्नईत आणि चेन्नईचा संघ मुंबईत खेळत होता. एरवी या एका गोष्टीवर भाऊंनी महिनाभर भाषणं केली असती. रात्री आमच्या गच्चीवरून मैदानाच्या दिव्यांचा उजेड दिसायचा. पण भाऊंचा टीव्ही बंद असे. त्यांचा एक व्हॉट्सॲप गट आहे, नॉर्थ स्टँडमध्ये बसणाऱ्या जुन्या मंडळींचा. तिकीट संपलं असं बोर्ड लागल्यावरही कोणाच्या ओळखीने, कोणत्या क्लबातून, किती वाजता ते मिळतं, हे शास्त्र या गटाने वर्षानुवर्षं घासून तयार केलेलं. त्या महिन्यात तो गट ऑक्सिजनचे सिलिंडर आणि हॉस्पिटलचे बेड शोधत होता. चौकशीची पद्धत तीच होती: एकाने फोन लावायचा, दुसऱ्याने दाराशी थांबायचं, हो म्हणेपर्यंत हलायचं नाही. आमच्या चाळीतल्या दोघांना बेड त्या गटामुळे मिळाले. गटातले एक सभासद त्यातून वाचले नाहीत. ४ मे रोजी स्पर्धा मध्येच थांबवल्याची बातमी मी भाऊंना सांगितली, तर त्यांनी फोनवर हात ठेवून "बरं" एवढंच म्हटलं आणि पुन्हा पलीकडच्या माणसाला पत्ता सांगू लागले.

डिसेंबरमध्ये वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्ध टेस्ट होती आणि एक चतुर्थांश प्रेक्षकांना परवानगी मिळाली. भाऊ दोन डोसांचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेऊन गेले. मी सोबत होतो. पहिल्या दिवशी मैदान ओलं म्हणून खेळ दुपारी सुरू झाला, पण भाऊ सकाळपासून मोकळ्या खुर्च्यांकडे बघत बसले होते आणि मधूनमधून उगाच टाळी वाजवून बघत होते. आवाज नीट घुमतोय अशी खात्री झाल्यावर डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी एजाझ पटेलने आपल्या विकेट एकामागून एक काढल्या. सात, आठ, नऊ. सगळ्याच त्याच्या. स्टँडमध्ये कुजबुज सुरू झाली, दहाच्या दहा घेणारा जगात याआधी जिम लेकर आणि कुंबळे एवढेच. एवढ्यात पुढच्या रांगेतला एक तरुण वडापाव आणायला उठला.

"ए, बस खाली! एक राहिलीये!" भाऊ ओरडले.

तो चमकून वळला. "काका, आऊट होणारा आपला आहे."

"पोरगा मुंबईत जन्मलाय. बस म्हणतो ना!"

तरुण बसला. सिराजने चेंडू वर उडवला, रवींद्रने झेल घेतला आणि दहा झाल्या. न्यूझीलंडच्या गोलंदाजासाठी सगळा स्टँड उभा राहिला. गलका ओसरल्यावर भाऊंनी पुढच्या तरुणाच्या खांद्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "जा आता. माझ्यासाठी पण एक आण, सुकी चटणी जास्त."